सर्व्हर बंद करा, पण जहाज बुडवू नका

डिस्नेने १९ सप्टेंबर २०१३ रोजी आपले तीन ऑनलाइन गेम एकदम बंद केले. त्यातला एक होता ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ऑनलाइन’. ३१ ऑक्टोबर २००७ ला सुरू झालेला हा समुद्री लढायांचा गेम जेमतेम सहा वर्षं चालला. तो बंद होणार हे महिनाभर आधी जाहीर झालं होतं आणि सभासदांकडून पैसे घेणंही थांबलं होतं. या धंद्याची रीत पाहिली तर निरोप सभ्यपणे झाला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. आमच्या संगणकावर गेम होता तसाच होता. जहाजं, बेटं, नकाशे, तोफांचे आवाज, सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. पण त्या ज्याच्याशी बोलायच्या ते पलीकडचं यंत्र, म्हणजे कंपनीचा सर्व्हर, गेलं, आणि तसं यंत्र पुन्हा उभं करण्याची मुभा कायद्याने कुणालाच स्पष्टपणे दिली नव्हती. या प्रश्नावर आज युरोपात लाखो लोकांनी सह्या केल्या आहेत, ब्रिटनच्या संसदेत चर्चा झाली आहे. आपल्याकडे मात्र कुणी त्याचं नावही काढत नाही. जगात सर्वांत जास्त मोबाइल गेम खेळणाऱ्या देशांपैकी एक असलेल्या आपल्या देशात हे गप्प राहणं मला खटकतं.

गेलं ते नेमकं काय होतं, हे आधी सांगायला हवं. ज्यांनी असे गेम खेळले नाहीत त्यांना वाटतं की एक करमणूक गेली, दुसरी येईल.

चित्रांच्या बाबतीत हा गेम त्या काळातही मागासलेलाच होता. त्याची खरी गंमत जहाजावरच्या कामात होती. सुकाणूवर एक कप्तान. दोन्ही बाजूंच्या तोफांची सरबत्ती त्याच्या हातात, पण डेकवरच्या सुट्या तोफांवर दुसऱ्या माणसांनी उभं राहायचं, नेम त्यांनी धरायचा. साधा गोळा लाकूड फोडायचा. साखळीचा गोळा शिडं फाडायचा, त्यामुळे पळणारं जहाज मंदावायचं. कोणता गोळा कधी भरायचा हे तोफेवरचा माणूस ठरवणार, आणि त्याला नेम धरता येईल असं जहाज वळवणं कप्तानाच्या हाती. आपल्या जहाजाला भोकं पडली की कुणीतरी तोफ सोडून दुरुस्तीला धावायचं. पाणी उपसणं, फळ्या कापणं, खिळे ठोकणं, भेगांत डांबर भरणं, यातलं प्रत्येक काम म्हणजे हाताच्या चपळाईचा एकेक छोटा खेळ होता. दुरुस्तीला माणूस गेला की मारा कमी होणार, नाही गेला तर जहाज जाणार. हा निर्णय लढाईच्या ऐन मध्यावर, काही सेकंदांत घ्यावा लागे. बंदराला लागलं की लूट सगळ्यांत वाटली जायची.

मी अलिबागची. आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये दिवसा मोजून इंटरनेट आणि रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद, असा प्रकार होता. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत गेम रात्री दोनला सुरू व्हायचा. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे साडेतीन-साडेचार वाजलेले असत, शाळा सुटून मुलं घरी आलेली असत, आणि समुद्र जहाजांनी भरून जायचा. माझा भाऊ पुण्याला शिकायला होता. दोनला पाच मिनिटं कमी असताना त्याचा मिस कॉल यायचा, मी उठून बसायचे. मी सुकाणूवर, तो तोफेवर. बाकीची माणसं कुठली कुठली असत. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी या गेममध्ये तयार वाक्यांची एक यादी दिलेली होती, त्यातलं वाक्य निवडलं की ते सगळ्यांना दिसे. इंग्रजी टाइप करायला बिचकणाऱ्या मुलीला ती यादी फार सोयीची होती. आम्हा भावंडांचं बोलणं मात्र दुसऱ्या खिडकीत मराठीत चालायचं. ‘ताई, आणखी थोडं डावीकडे घे, साखळी भरलीय’, एवढंच.

आमचं जहाज एका डोलकाठीचं, छोटं. मोठ्या गॅलिऑनसमोर आडवं आलं तर एका सरबत्तीत अर्धं व्हायचं. म्हणून आम्ही कायम शत्रूच्या पिछाडीला चिकटून राहायचो. त्याच्या तोफा दोन्ही अंगांना, शेपटाकडे काहीच नाही, तो जड, सावकाश वळणारा, आम्ही हलके. तो डावीकडे वळला की आम्हीही वळायचं आणि शिडं फाडत राहायचं. ही युक्ती आम्हाला कुणी शिकवली नव्हती. पुढे कान्होजी आंग्र्यांविषयी वाचलं तेव्हा कळलं की त्यांची गलबतं आणि गुराबा (तोफांची लढाऊ जहाजं) मोठ्या युरोपियन जहाजांशी अशाच लढत: बाजूच्या तोफांच्या तावडीत न सापडता मागून यायचं, डोलकाठ्या आणि शिडं निकामी करायची, वारा पडला तर गलबतांनी वल्ही मारत गुराबा ओढून न्यायच्या. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला रोज दिसतो, ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. तरी अठराव्या शतकातली ती लढाई मला समजली ती कॅरिबियन समुद्रात, आणि तिथेही शत्रूच्या ताफ्यांत ‘ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी’ची जहाजं होती! वारा, वजन, वळणाचा घेर आणि तोफांची दिशा यांचं गणित पुस्तकातला परिच्छेद वाचून कळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते सुकाणू हातात असताना कळतं. लढाईची अशी समज देणारी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही, आणि म्हणूनच अशा खेळाला मी ‘नुसती करमणूक’ म्हणायला तयार नाही.

गेम चालवत राहायचा की थांबवायचा, हे ठरवण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. सर्व्हरला भाडं लागतं, वीज लागते, माणसं लागतात. खेळणारे कमी झाले तर कुणी तोट्यात चालवावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण ‘मी चालवणार नाही’ आणि ‘दुसऱ्या कुणालाही चालवू देणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीच्या मालकीतून येते. दुसरीला आज केवळ कायद्याच्या मौनाचा आधार आहे. सर्व्हरचं बटण बंद करताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून आपण त्या एकच समजतो. माझ्या मते कायद्याने त्या वेगळ्या करायला हव्यात.

पुन्हा उभं करणं शक्य असतं का? असतं, आणि याच गेमने ते दाखवलं. तो बंद झाल्यावर चाहत्यांच्या एका गटाने सर्व्हरची बाजू नव्याने लिहायला घेतली. ‘द लेजेंड ऑफ पायरेट्स ऑनलाइन’ या नावाने तो आज पुन्हा खेळता येतो, फुकट, स्वयंसेवकांच्या जिवावर. हे जमलं त्यामागे एक योगायोग होता. मूळ गेम ‘पांडा थ्रीडी’ नावाच्या इंजिनावर, म्हणजे गेम बांधण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर, चालायचा. हे इंजिन डिस्नेच्याच व्हीआर स्टुडिओत तयार झालेलं, पण कंपनीने ते २००२ मध्येच सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. शिवाय गेमचा बराचसा भाग पायथॉन भाषेत होता. त्यामुळे संगणकावर उरलेल्या फाइलींवरून पलीकडच्या बाजूने काय बोललं जात असेल याचा अंदाज बांधता आला. इंजिन बंदिस्त असतं तर ही वाट कितीतरी बिकट झाली असती. शिवाय असे गट नेहमी मालकाच्या मूक संमतीवर जगतात. उद्या वकिलाचं एक पत्र आलं तर सगळं काम संपू शकतं.

मूक संमतीवर जगणं म्हणजे काय, हे ‘सिटी ऑफ हीरोज’च्या खेळाडूंना विचारावं. तो गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला. पुढची काही वर्षं थोड्या लोकांनी तो गुपचूप सांभाळला, आणि २०१९ मध्ये ते उघड झाल्यावर इतरांनी जाहीर सर्व्हर उभे केले. जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालक एनसीसॉफ्टने त्यांपैकी ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. म्हणजे मालकाचं नुकसान न होता परवाना देता येतो. फक्त तो मिळायला अकरा वर्षं लागली, आणि तो द्यायचा की नाही हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर राहिलं. ‘नॉकआउट सिटी’च्या कर्त्यांनी याच्या उलट केलं. जून २०२३ मध्ये गेम बंद करतानाच खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती त्यांनी देऊन टाकली. छोट्या स्टुडिओला जे जमलं ते मोठ्यांना जमू नये याचं कारण मला तांत्रिक वाटत नाही.

आंदोलन पेटलं ते मात्र एका मोटारींच्या गेमवरून. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ चा. लोकांनी तो पूर्ण किंमत मोजून घेतला होता, आणि एकट्याने खेळायचं म्हटलं तरी तो सर्व्हरला जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि गेम सगळ्यांसाठीच संपला. रॉस स्कॉट या यूट्यूबरने त्यानंतर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना थेट आयोगापुढे मागणी ठेवता येते; त्यासाठी दहा लाख सह्या आणि किमान सात देशांत ठरलेला पाठिंबा लागतो. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा हा आकडा केव्हाच पार झाला होता. ब्रिटनमध्येही एक लाखाहून जास्त सह्यांची याचिका झाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत चर्चा झाली. तिथल्या सरकारने कायदा बदलायचा विचार नाही असंच सांगितलं, तरी खासदारांना हा विषय सभागृहात बोलावा लागला. आणि युबीसॉफ्टने? ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देऊ, असं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. ओरड झाली की मार्ग सापडतो.

युरोपातल्या मागणीचा मसुदा नीट वाचण्यासारखा आहे. गेमची मालकी मागितलेली नाही, अनंत काळ सर्व्हर चालवा असंही म्हटलेलं नाही. कंपनीने हात काढून घेताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडावा, इतकंच.

कंपन्यांचे आक्षेप मी उडवून लावणार नाही. त्यांच्या युरोपीय संघटनेचं म्हणणं असं की खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचं रक्षण, बेकायदा मजकूर काढणं, मुलांची सुरक्षितता यांची हमी राहत नाही आणि ठपका मूळ मालकावर येऊ शकतो. मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मला पटतो. तयार वाक्यांच्या यादीचा फायदा मी स्वतः अनुभवला आहे. पण यावर उपाय साधा आहे. गेम सोडताना खेळाडूंची खाती आणि माहिती सोडायची नाही, ती पुसून टाकायची. आणि पुढच्या चालकाची जबाबदारी पुढच्या चालकावर, हे कायद्यातच लिहायचं. दुसरा आक्षेप परवान्यांचा: गेममध्ये इतरांचं संगीत असतं, खऱ्या गाड्यांची नावं असतात, दुसऱ्या कंपनीचे तयार सॉफ्टवेअरचे तुकडे असतात. जुन्या गेमच्या बाबतीत ही अडचण खरी आहे, म्हणून कायदा मागे जाऊन लागू करू नये. नवा गेम बांधताना मात्र शेवट कसा करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवता येतं. तिसरा आक्षेप खर्चाचा. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गेमचा शेवट सुरुवातीपासून आखला तर तो खर्च एकूण खर्चाच्या मानाने किती असेल हे कंपन्यांनी आकड्यांत सांगावं, मग बोलता येईल. आतापर्यंत ‘फार’ एवढंच ऐकू येतं.

एक युक्तिवाद मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो माझे मित्रच करतात. ऑनलाइन गेम म्हणजे नाटकाचा प्रयोग, तो त्या रात्रीपुरता असतो. पडदा पडला की संपला. त्याची खंत करावी, त्यावर हक्क सांगू नये. वरवर हे रास्त वाटतं. त्या रात्रींची माणसं पुन्हा जमणार नाहीत हे मलाही कळतं. पण मराठी माणसाने तरी नाटकाचा दाखला इतक्या घाईने देऊ नये. १८८२ मध्ये रंगभूमीवर आलेलं ‘संगीत सौभद्र’ आजही होतं, कारण संहिता उरली, पदं उरली, चाली उरल्या, आणि कुठल्याही गावातल्या हौशी मंडळींना ते बसवता आलं. किर्लोस्कर नाटक मंडळी बंद झाली म्हणून सौभद्र बंद झालं नाही. ऑनलाइन गेमची संहिता म्हणजे सर्व्हरवरचा कोड, आणि तो एका कंपनीच्या कपाटात कुलूपबंद आहे. प्रयोग संपला याबद्दल कुणी भांडत नाही. संहिता जाळू नका, एवढंच म्हणणं आहे.

जळाल्यावर काय होतं तेही आपण पाहिलंय. देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. त्या काळात चित्रपट ही जत्रेतली वस्तू मानली जायची, जपायची नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ मध्ये, तोवर मूकपटांच्या जमान्यातलं बहुतेक सगळं गेलं होतं. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून फाळक्यांच्या मूकपटांसह जे हाती लागलं ते वाचवलं. गेमच्या बाबतीत आपण आज १९३१ मध्येच उभे आहोत. पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तशीच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावीच लागते. गेमसाठी असं काही नाही. अमेरिकेत निदान २०१८ पासून ग्रंथालयांना आणि वस्तुसंग्रहालयांना बंद पडलेले ऑनलाइन गेम आपल्या आवारात जपण्याची काही सूट आहे. अभ्यासकांना ते घरबसल्या पाहता यावेत ही मागणी मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. तिथल्या ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ज्या देशाने हा धंदा मोठा केला तिथली ही गत आहे.

आपल्या खेळाडूंना हा अनुभव नवा नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण थांबली. बंदीची कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यांच्यात मी जात नाही. तो निर्णय सरकारचा होता, कंपनीचा नाही, हा फरकही मान्य. पण कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मुलांना तेव्हा जे कळलं ते हेच, की पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला पाय फुटतात आणि विचारायला दार नसतं.

दार नसतं हे मात्र पूर्ण खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, आणि वाजवी कारण नसताना एकाच पक्षाला करार संपवता येईल अशी अट त्यात स्पष्टपणे मोडते. ‘आम्ही सेवा केव्हाही, कोणत्याही कारणाने थांबवू शकतो’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक ऑनलाइन गेमच्या अटींमध्ये असतं. पैसे देऊन घेतलेल्या गेमच्या बाबतीत ते या व्याख्येत बसतं की नाही, हे तपासून घ्यायला हवं. अडचण अशी की अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, थेट राज्य आयोगाकडे न्यावी लागते. हजार-पाचशे रुपयांच्या गेमसाठी सांगलीचा किंवा चंद्रपूरचा मुलगा एवढी धावपळ करणार नाही. पण हाच कायदा ग्राहक संघटनांनाही तक्रार करू देतो. मुंबई-पुण्यातल्या ज्या संघटनांनी बिल्डरांचे आणि विमा कंपन्यांचे करार सरळ करायला लावले, त्यांनी हे एक प्रकरण हाती घ्यावं अशी माझी विनंती आहे.

कॉपीराइट कायद्यातही एक फट आहे. कलम ५२(१)(एबी) प्रमाणे, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे त्याला, तो प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळावा यासाठी लागणारी माहिती मिळवता येते, ती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर. चाहत्यांनी लिहिलेला नवा सर्व्हर हा स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅमच आहे. बंद झालेल्या गेमसाठी सर्व्हर लिहिणं या कलमात येतं, असं सरकारने एका ओळीच्या स्पष्टीकरणाने सांगितलं तरी हैदराबाद, पुणे, बंगळूरच्या कितीतरी तरुण प्रोग्रॅमरांना उघडपणे काम करता येईल. चित्रं, आवाज, नावं यांचा कॉपीराइट मूळ मालकाकडेच राहील; त्याला या कलमाने धक्का लागत नाही.

आणि आता तर सरकारनेच या क्षेत्रात पाऊल टाकलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक गेमना प्रोत्साहन, त्यांची वर्गवारी आणि नोंदणी करणारं प्राधिकरण, अशी त्याची चौकट आहे. चर्चा झाली ती जुगार, व्यसन आणि कर्जबाजारीपणाची, आणि ती व्हायलाच हवी होती. घरं उद्ध्वस्त होत होती. पण गेमला प्रोत्साहन द्यायचं म्हणणाऱ्या कायद्यात गेम संपल्यावर काय, याचा विचारही व्हायला हवा. त्यासाठी संसदेत पुन्हा जायचीही गरज नसावी. नोंदणीच्या अर्जात तीन रकाने वाढवावेत: बंद करण्याआधी किती दिवसांची सूचना देणार, बंद झाल्यावर गेम एकट्याने किंवा खासगी सर्व्हरवर चालू शकेल का (नसेल तर का नाही), आणि सर्व्हरच्या कोडची एक प्रत सीलबंद कुठे ठेवणार. उत्तरं जाहीर असावीत, म्हणजे पैसे भरण्यापूर्वी खेळणाऱ्याला ती वाचता येतील. तिसऱ्या रकान्यासाठी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासारखी संस्था उभी राहीपर्यंत एखाद्या विद्यापीठाचा संगणक विभागही पुरेल. हे नियम आधी फक्त नव्या आणि पैसे घेणाऱ्या गेमना लावावेत, छोट्या स्टुडिओंना पहिली काही वर्षं सूट द्यावी, आणि पहिल्या शंभरेक अर्जांमधली उत्तरं पाहून पुढचं ठरवावं.